पदवीनंतरचा प्रवेश

संगीत, नृत्य किंवा नाट्य शिकायला परदेशी जाणारा विद्यार्थी आधी ऑडिशनची तयारी करतो, मग फी आणि शिष्यवृत्तीचा हिशेब मांडतो. पदवीनंतर त्या देशात किती काळ राहता येईल आणि तिथे कशाला काम म्हटले जाईल, हा हिशेब मात्र बहुधा शेवटच्या वर्षावर ढकलला जातो. तोवर घरावर कर्ज चढलेले असते, गुरूंशी सूर जुळलेले असतात, दोन-चार ठिकाणी नाव घेतले जाऊ लागलेले असते. नेमकी तेव्हाच परतीची तारीख समोर येते.

परदेशी विद्यार्थ्यांच्या व्हिसाबद्दल आपल्याकडे भरपूर लिहिले जाते, पण ते संगणक अभियंते आणि एमबीएवाले यांना समोर ठेवून. कलाविद्यार्थी त्या चर्चेत क्वचितच दिसतो. त्याच्या यशाची गोष्टही प्रवेश मिळाला की संपते. मुंबईचा अमिरुद्दीन शाह २०१७ मध्ये लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये पोचला. त्याच्या आणि मनीष चौहानच्या प्रवासावरून प्रेरणा घेऊन सूनी तारापोरवाला यांनी २०२० मध्ये ‘ये बॅले’ हा चित्रपट केला. अशा गोष्टी आपल्याला आवडतात. शाळा संपल्यावर काय, हा प्रश्न मात्र पडद्याबाहेरच राहतो.

काही प्रमुख देशांचे नियम शेजारी ठेवून पाहिले, की एक गोष्ट ठळक दिसते. पदवीनंतर किती वर्षे मिळतात याला आपण फार महत्त्व देतो. कलावंताचे भवितव्य त्याहून अधिक ठरते ते त्या वर्षांत त्याचे काम सरकारी दप्तरी कसे मोजले जाते यावर. या आढाव्याचा रोख त्या मोजमापावर आहे.

कामाचा आकार

व्हिसाचे बहुतेक नियम नोकरदार माणूस डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले असतात. एक मालक, एक पद, ठरलेला पगार आणि निदान वर्षाचा करार. रंगमंचावरचे काम या साच्यात बसत नाही. मराठी व्यावसायिक नाटकातला नट नाइटवर काम करतो, वाद्यवृंदातला वादक सुपारीवर. परदेशातही फार वेगळे नाही. मोठ्या सिंफनी ऑर्केस्ट्रा, ऑपेरा हाउस आणि बॅले कंपन्यांतल्या पगारी जागा सोडल्या, तर बाकीचे काम तुकड्यातुकड्यांनी येते. आठवड्यातून दोन शिकवण्या, एखादे रेकॉर्डिंग, शनिवारी कुणाच्या लग्नातले वादन, मग तीन आठवडे एखादे नाटक आणि त्यानंतर दोन महिने नुसत्या ऑडिशन. हा या धंद्याचा रोजचा क्रम आहे आणि तिथल्या स्थानिक कलावंताचाही तोच असतो. फरक इतकाच, की स्थानिक कलावंताला त्या दोन रिकाम्या महिन्यांत देश सोडावा लागत नाही.

दुसरी अडचण नावलौकिकाची. अभियंत्याची किंमत पदवी आणि पगार यांवरून ठरवता येते. कलावंताची किंमत ठरते भूमिकांवरून, परीक्षणांवरून, जाणकारांच्या शब्दावरून. ही पुंजी जमायला वर्षे जातात. कोरसमध्ये तिसऱ्या रांगेत उभ्या असलेल्या गायिकेचे नाव परीक्षणात येत नाही. व्हिसाचा अर्ज मात्र पदवीनंतर वर्ष-दीड वर्षातच तिच्याकडे त्या नावाचा पुरावा मागतो.

अमेरिका : एक वर्ष आणि मग कीर्ती

अमेरिकेत एफ-१ व्हिसावर शिकणाऱ्याला पदवीनंतर आपल्या विषयात काम करण्यासाठी बारा महिन्यांची परवानगी मिळते. तिला ओपीटी म्हणतात. अभ्यासक्रम संपण्याच्या ९० दिवस आधीपासून ते संपल्यावर ६० दिवसांपर्यंत अर्ज करता येतो. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या शाखांच्या पदवीधरांना पुढे आणखी चोवीस महिने मिळतात. संगीत, नृत्य, नाट्य या यादीत नाहीत. एकाच विद्यापीठात एकाच वर्षी पदवी घेतलेल्या दोन मुलींपैकी एकीला तीन वर्षे मिळतात आणि दुसरीला एकच. संगणकाच्या आधारे ॲनिमेशन शिकलेली त्या यादीत बसते, व्हायोलिन शिकलेली बसत नाही.

या बारा महिन्यांत एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेरोजगार राहता येत नाही. आठवड्याला किमान वीस तास काम हवे. एक गोष्ट मात्र अमेरिकेच्या बाजूने मांडली पाहिजे. ओपीटीच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये संगीतकार आणि रंगमंचीय कलावंतांचा स्वतंत्र उल्लेख आहे. अनेक ठिकाणी छोटी-छोटी कामे केली तरी चालतात, फक्त प्रत्येक कार्यक्रमाची तारीख आणि कालावधी यांची नोंद ठेवावी लागते. विनामोबदला कामही, कामगार कायद्याला धक्का लागत नसेल तर, धरले जाते. म्हणजे या टप्प्यावर तरी सरकारने धंद्याचा खरा आकार ओळखलेला आहे. तोटा मुदतीचा आहे. १२ मार्च २०२० रोजी ब्रॉडवे बंद झाले आणि मोठी संगीतनाटके परतली ती सप्टेंबर २०२१ मध्ये. त्या वसंतात पदवी घेऊन बाहेर पडलेल्या परदेशी नटांचे वर्ष बंद थिएटरांसमोर निघून गेले आणि ते भरून मिळाले नाही.

वर्ष संपले की तीन दारे उरतात. पहिले एच-१बी या नोकरीच्या व्हिसाचे. १९९० पर्यंत असामान्य गुणवत्तेचे कलावंत एच-१ वर्गातच येत. त्या वर्षीच्या कायद्याने त्यांना तिथून काढून ओ आणि पी अशा नव्या वर्गांत नेले. गंमत अशी, की फॅशन मॉडेलना मात्र एच-१बीमध्येच ठेवले. आज एच-१बीसाठी ठरावीक विषयातली पदवी आवश्यक असलेले पद लागते. रंगमंचावर गाणाऱ्याला कोणी पदवी विचारत नाही, त्यामुळे कलावंत म्हणून हे दार जवळपास बंदच असते. शिकवण्याची नोकरी मिळाली तर ते किलकिले होते. विद्यापीठांना वर्षाच्या ८५,००० व्हिसांच्या मर्यादेतून आणि सोडतीतून सूट आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचा आकार लावला गेला. देशातच राहून विद्यार्थी व्हिसावरून एच-१बीवर जाणाऱ्यांना तो लागू नाही, असे पुढच्याच महिन्यात स्पष्ट करण्यात आले. तरीही भारतातून नव्याने उमेदवार बोलावू पाहणाऱ्या एखाद्या छोट्या संगीतशाळेला घाबरवायला तेवढा आकडा पुरेसा आहे.

दुसरे दार ओ-१बीचे. ‘असामान्य क्षमता’ असलेल्या कलावंतांचा हा व्हिसा. कलाक्षेत्रासाठी कसोटी विज्ञानापेक्षा थोडी सौम्य आहे. सर्वसामान्य कलावंतांपेक्षा ठळकपणे वरचा दर्जा दाखवावा लागतो. ऑस्कर किंवा ग्रॅमीसारखा पुरस्कार नसेल तर सहापैकी तीन निकष पुरे करायचे. नामांकित निर्मितीत प्रमुख भूमिका, वृत्तपत्रांतली दखल, नामांकित संस्थेसाठी महत्त्वाचे काम, व्यावसायिक किंवा समीक्षकांच्या पसंतीचे यश, तज्ज्ञांची मान्यता आणि इतरांपेक्षा जास्त मानधन. या व्हिसाला संख्येची मर्यादा नाही, सोडत नाही, पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत मिळतो. जाणत्या, मुरलेल्या कलावंतासाठी हे चांगले दार आहे. तेवीस-चोवीस वर्षांच्या पदवीधराला त्यात शिरताना मात्र ओढाताण होते. शाळेतल्या निर्मितीतल्या प्रमुख भूमिकांचे वजन कमी पडते आणि बाहेरच्या प्रमुख भूमिका अजून मिळालेल्या नसतात.

शिवाय हा अर्ज कलावंताला स्वतःच्या नावाने करता येत नाही. अमेरिकेतला मालक किंवा एजंट लागतो. एजंटमार्फत अर्ज केला तर पुढच्या काळातल्या कामांचे वेळापत्रक आणि करारपत्रे जोडावी लागतात. म्हणजे तीन वर्षांची कामे आधी दाखवायची, तेही अशा धंद्यात जिथे पुढच्या महिन्याचा भरवसा नसतो. कलावंतांच्या संघटनेचे सल्लापत्रही लागते. ऑपेरा आणि नृत्याची एक संघटना, वादकांची दुसरी, रंगभूमीची तिसरी, पडद्याची चौथी. १ एप्रिल २०२४ पासून अर्जाची मूळ फी ४६० डॉलरवरून १,०५५ डॉलर झाली आणि तिच्यावर ६०० डॉलरचा वेगळा आकार आला. छोट्या संस्थांना आणि ना-नफा संस्थांना यात सवलत आहे. पंधरा कामकाजी दिवसांत निकाल हवा असेल तर आणखी २,८०० डॉलरपेक्षा जास्त मोजावे लागतात. वकिलाची फी वेगळी. एका प्रयोगाचे शंभर-दीडशे डॉलर मिळवणाऱ्या नर्तकाने हे पैसे कुठून आणायचे, याचे उत्तर बहुतेकदा भारतातले आई-वडील देतात.

तिसरा पर्याय पी-३. एखाद्या समाजाच्या वैशिष्ट्यपूर्ण कलेसाठी हा व्हिसा असतो आणि भारतीय शास्त्रीय संगीत-नृत्याच्या दौऱ्यांसाठी तो वापरला जातो. इथे एक विसंगती दिसते. भारतातून दौऱ्यावर गेलेल्या तबलजीला तो मिळू शकतो, पण मुंबईतून जाऊन चार वर्षे अमेरिकेत जॅझ पियानो शिकलेल्या मुलाला त्याचा उपयोग नाही. मिश्र कलाप्रकारांचे काय, हा प्रश्न २०१२ मध्ये एका निर्णयाने थोडा सुटला. लॉस एंजेलिसच्या स्कर्बॉल कल्चरल सेंटरने अर्जेंटिनातल्या एका वाद्यवृंदासाठी अर्ज केला होता. त्यांचे संगीत ज्यू परंपरेतले क्लेझ्मर आणि लॅटिन अमेरिकी शैली यांच्या मिश्रणातून आलेले. मिश्रण असल्यामुळे ते वैशिष्ट्यपूर्ण नाही, असे म्हणून अर्ज फेटाळला गेला. अपिलात निकाल उलटला. दोन परंपरांच्या संगमातून आलेली कलाही वैशिष्ट्यपूर्ण असू शकते, हे मान्य झाले. खयाल आणि जॅझ एकत्र आणणाऱ्या भारतीय मुलांना या निर्णयाचा आधार घेता येतो. वकिलाला तो आठवला पाहिजे, एवढेच.

ऑगस्ट २०२५ मध्ये आणखी एक प्रस्ताव आला. आजवर विद्यार्थ्याला अभ्यासक्रम चालेल तोवर राहता येत होते. त्याऐवजी जास्तीत जास्त चार वर्षांची ठरावीक मुदत द्यावी आणि नंतरची आवराआवरीची ६० दिवसांची सवलत ३० वर आणावी, असे त्यात सुचवले आहे. ऑडिशन वसंतात, करार उन्हाळ्यात आणि हंगाम शरद ऋतूत सुरू होणाऱ्या क्षेत्रात एक महिना कमी होणे किरकोळ नाही.

ब्रिटन : शिकताना हात बांधलेले

ब्रिटनमध्ये अडचण पदवीच्या आधीच सुरू होते. विद्यार्थी व्हिसावर स्वयंरोजगाराला बंदी आहे आणि व्यावसायिक मनोरंजनकार म्हणून काम करण्यालाही. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून, मूल्यमापनात धरलेले काम असेल तर गोष्ट निराळी. एरवी लंडनमध्ये गायन शिकणारी परदेशी मुलगी सत्राच्या काळात आठवड्याला वीस तास कॅफेत काम करू शकते, पण त्याच कॅफेत संध्याकाळी पैसे घेऊन गाऊ शकत नाही. तिच्या वर्गातली स्थानिक मैत्रीण तीन वर्षे असे छोटे कार्यक्रम करत नाव जमवत असते. शर्यत एकच, पण एकीने पळायला सुरुवात केलेली असते आणि दुसरीच्या पायात बेडी असते.

पदवीनंतर चित्र एकदम सुधारते. १ जुलै २०२१ पासून सुरू झालेल्या ग्रॅज्युएट मार्गावर दोन वर्षे मिळतात, पीएच.डी. असेल तर तीन. प्रायोजक लागत नाही, पगाराची अट नाही, स्वयंरोजगार चालतो, रंगमंचावर काम चालते. कलावंताला हवी तशी मोकळीक देणारा हा मार्ग आहे. याआधीचा असाच मार्ग एप्रिल २०१२ मध्ये बंद झाला होता, हे ध्यानात घेतले तर त्याची किंमत कळते. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी मात्र ही मुदत अठरा महिन्यांवर येणार आहे. हा व्हिसा वाढवून मिळत नाही आणि कायम वास्तव्यासाठीच्या नेहमीच्या पाच वर्षांत ही वर्षे धरली जात नाहीत. शिवाय दर वर्षासाठी १,०३५ पौंड आरोग्य अधिभार आधीच भरावा लागतो. मोजमाप काय म्हणते पाहा. काम करू दिले, पण पुढच्या हिशेबात त्याची नोंद शून्य.

त्यानंतर कुशल कामगार व्हिसा. एप्रिल २०२४ मध्ये त्याची सर्वसाधारण पगारमर्यादा २६,२०० वरून ३८,७०० पौंड झाली, जुलै २०२५ मध्ये ४१,७००. नवख्यांना सवलत आहे, पण तो आकडाही ३३,४०० चा आहे. वेगवेगळ्या ठिकाणी तुकड्याने काम करणाऱ्याला एवढ्या पगाराची एकच नोकरी देणार कोण? अभिजात बॅलेचे नर्तक आणि ऑर्केस्ट्रातले कुशल वादक यांना ब्रिटनने अनेक वर्षे टंचाईच्या व्यवसायांच्या यादीत ठेवले होते. मोठ्या कंपन्यांना परदेशी कलावंत लागतात, हे सरकारलाही मान्य आहे. ही सवलत मोठ्या कंपनीच्या दारापर्यंत पोचलेल्यांची. समूहनाट्य करणाऱ्या किंवा पबमध्ये लोकसंगीत वाजवणाऱ्या पदवीधराला तिचा उपयोग नाही.

खरी वाट ग्लोबल टॅलेंट व्हिसाची. फेब्रुवारी २०२० मध्ये सुरू झालेल्या या व्हिसासाठी संगीत, नृत्य, नाट्य या क्षेत्रांत आर्ट्स कौन्सिल इंग्लंडची शिफारस लागते. यात प्रस्थापित कलावंतांबरोबर होतकरू कलावंतांचा वेगळा वर्ग आहे आणि हीच त्याची खुबी. पाच वर्षांपर्यंत व्हिसा मिळतो, मालक लागत नाही, स्वतंत्रपणे काम करता येते आणि ही वर्षे कायम वास्तव्याच्या हिशेबात धरली जातात. अट एवढीच, की अलीकडच्या काळातले व्यावसायिक काम दाखवावे लागते. म्हणजे पुन्हा तेच. शिकताना ज्या कामाला बंदी होती, त्याच कामाचा पुरावा पदवीनंतर मागितला जातो.

कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया : उदार दिसणारे हिशेब

कॅनडात पदवीनंतर तीन वर्षांपर्यंत खुला कामाचा परवाना मिळू शकतो. कुणाकडेही, कितीही छोटे काम करा. कागदावर कलावंतासाठी याहून चांगले काही नाही. मेख पुढे आहे. कायम वास्तव्यासाठी बहुतेक पदवीधर ज्या कॅनेडियन अनुभवाच्या वर्गातून अर्ज करतात, त्यात स्वयंरोजगाराचे काम मोजले जात नाही. तीन वर्षे टोरंटोत रोज संध्याकाळी वाजवणाऱ्या वादकाचा अनुभव, तो स्वतंत्र कंत्राटी असेल तर, शून्य धरला जातो. त्याच काळात दुकानात व्यवस्थापकाची नोकरी केलेल्याचा अनुभव पूर्ण धरला जातो. कलावंतांसाठी एक वेगळी योजना होती, सांस्कृतिक आणि क्रीडा क्षेत्रातल्या स्वयंरोजगारी व्यक्तींची. ३० एप्रिल २०२४ पासून तिच्यात नवे अर्ज घेणे थांबवले गेले. नोव्हेंबर २०२४ पासून आणखी एक बदल झाला. महाविद्यालयीन पदविका घेणाऱ्यांना हा परवाना ठरावीक विषयांतच मिळतो आणि त्यांत शेती, आरोग्य, तंत्रज्ञान, कारागिरी, वाहतूक असे विषय आहेत. पदवी, पदव्युत्तर आणि पीएच.डी.धारकांना विषयाची ही अट नाही. त्यामुळे नाट्य किंवा संगीताची पदविका घ्यायला निघालेल्या विद्यार्थ्याने आधी हा फरक समजून घ्यावा.

ऑस्ट्रेलियाने जुलै २०२४ मध्ये पदवीधर व्हिसासाठी वयाची मर्यादा बहुतेकांसाठी ३५ वर आणली. नृत्य-नाट्यात अनेक जण आधी काही वर्षे काम करून मग पदव्युत्तर शिक्षणाला येतात, त्यांना ही अट बोचते. भारतीयांना व्यापार करारामुळे थोडी सवलत आहे. पदव्युत्तर पदवीनंतर तीन वर्षे, पीएच.डी.नंतर चार. पदवीसाठी मात्र दोन वर्षे, आणि विज्ञान-तंत्रज्ञानात प्रथम श्रेणीतली ऑनर्स पदवी असेल तर तीन. शाखांमधली तफावत इथेही येऊन पोचलीच.

युरोपचा धडा

जर्मनीची गोष्ट या यादीत वेगळी पडते. तिथल्या संगीत महाविद्यालयांत बहुतेक राज्यांत शिक्षणशुल्क नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्गने २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सत्राला १,५०० युरो लावले, तेही इतर देशांच्या मानाने थोडेच. पदवीनंतर काम शोधण्यासाठी अठरा महिने मिळतात आणि त्या काळात कसलेही काम करता येते. त्यानंतरही नोकरीच हवी असा हट्ट नाही. स्वतंत्र व्यवसायासाठी निवास परवाना मिळतो. जर्मन विद्यापीठातून शिकलेल्याला आपल्या शिक्षणाशी संबंधित स्वयंरोजगार करायचा असेल तर कायद्यात खास सवलतही आहे. याच्या जोडीला १९८३ पासून चालत आलेली कलावंतांची सामाजिक विमा योजना आहे. स्वतंत्र कलावंत आरोग्यविमा आणि निवृत्तिवेतनाचा निम्मा हप्ता भरतो. उरलेला निम्मा हप्ता सरकार आणि कलावंतांचे काम वापरणाऱ्या संस्था मिळून भरतात. परवान्यासाठी आरोग्यविमा अत्यावश्यक असल्यामुळे ही योजना परदेशी कलावंताला मोठा आधार ठरते. शहराशहरांत सरकारी खर्चाने चालणारी नाट्यगृहे आणि ऑर्केस्ट्रा असल्याने पगारी जागाही अमेरिकेच्या मानाने जास्त. भाषा शिकावी लागते आणि कचेरीतली दिरंगाई कुप्रसिद्ध आहे, हे खरेच.

फ्रान्समध्ये तुकड्याच्या कामालाच कायद्याने ओळख दिली आहे. रंगमंच आणि चित्रपटातल्या कलावंत-तंत्रज्ञाने बारा महिन्यांत ५०७ तास काम भरले की त्याला मधल्या रिकाम्या काळासाठी बेरोजगारी भत्ता मिळतो. कलावंतांसाठी बहुवर्षीय टॅलेंट परवाना आहे. त्यात कराराची आणि किमान उत्पन्नाची अट असते, पण ती या धंद्याला साजेशी ठरवलेली आहे. नेदरलंड्स पदवीनंतर वर्षभराचा खुला परवाना देते. रॉटरडॅमच्या संगीत महाविद्यालयात भारतीय संगीताचा विभाग आहे आणि पं. हरिप्रसाद चौरसिया यांनी त्याचे नेतृत्व केले. बासरी शिकायला तिथे जगभरातून विद्यार्थी आले. भारतीय संगीत शिकून युरोपात उभे राहण्याची वाट अशी खुली झाली.

देशांमधल्या अशा मोकळ्या वाटांचे महत्त्व इतिहासातही दिसते. मुंबईचे झुबिन मेहता १९५४ मध्ये व्हिएन्नात शिकायला गेले, १९५८ मध्ये लिव्हरपूलची स्पर्धा जिंकले आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीलाच माँट्रियल व लॉस एंजेलिसच्या ऑर्केस्ट्रांचे संचालक झाले. व्हिएन्नातून ब्रिटन, तिथून अमेरिका खंड असा तो प्रवास. अशी प्रतिभा दशकातून एकदा दिसते. पण त्या वयातल्या कलावंताला एका देशातून दुसऱ्या देशात संधीमागे जाता आले पाहिजे, हे मात्र सगळ्यांना लागू आहे.

सरकारांची बाजू

या निर्बंधांमागे नुसता संशय नाही. सगळीकडे कलावंत जास्त आणि काम कमी. परदेशी कलावंत स्वस्तात काम करतील ही संघटनांची भीती जुनी आहे. ब्रिटनमध्ये १९३० च्या दशकात वादकांच्या संघटनेच्या आग्रहाने अमेरिकी वाद्यवृंदांना जवळपास बंदी होती. ती १९५६ मध्ये सैल झाली ती देवाणघेवाणीच्या तत्त्वावर. अमेरिकेचा स्टॅन केंटन ब्रिटनमध्ये, तर ब्रिटनचा टेड हीथ अमेरिकेत. अमेरिकेच्या पी-२ व्हिसामागे आजही अशाच देवाणघेवाणीचा विचार आहे. संघटनांना सल्ला विचारणे यात काही गैर नाही. उलट परदेशी कलावंताला कमी पैशात राबवून घेणाऱ्यांना त्याने आळा बसतो.

संघटनांची भीती रास्त धरली तरी एक तिढा उरतो. फी घेताना परदेशी कलाविद्यार्थी संस्थेला हवा असतो आणि कामाला उतरताना तो परका ठरतो. ज्या धोरणाने त्याला आत घेतले, त्याच धोरणाने त्याच्या कामाचा आकार ओळखायला हवा.

आपल्या अंगणात

आपणही या बाबतीत फार पुढे नाही. मुंबईच्या एनसीपीएमधला सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ मध्ये उभा राहिला. त्यात कझाकस्तानसह इतर देशांच्या वादकांचा मोठा वाटा आहे. परदेशी वादकांशिवाय असा ऑर्केस्ट्रा आपल्याकडे चालू शकत नाही, हे आपण मान्य केले आहे. उलट भारतीय कला शिकायला येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याचे काय? १९५० मध्ये स्थापन झालेली भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद शिष्यवृत्ती देऊन असे विद्यार्थी आणते. विद्यार्थी व्हिसावर काम करता येत नाही. रोजगार व्हिसासाठी वर्षाला किमान १६.२५ लाख रुपये पगाराची अट आहे आणि सवलतीच्या यादीत विशिष्ट देशाचे पदार्थ करणारे आचारी आणि भाषाशिक्षक येतात. हॉटेल किंवा क्लबमध्ये नियमित कार्यक्रम करणारा परदेशी कलावंत या व्हिसात बसतो. पण गुरूकडे सात-आठ वर्षे शिकून कथक किंवा ध्रुपदाचे छोटे कार्यक्रम करू पाहणाऱ्याला एवढा पगार देणारी संस्था महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही. इटलीच्या इलियाना चितारिस्ती १९७९ मध्ये ओडिशात आल्या, ओडिसी आणि छाऊ शिकल्या, तिथेच राहून संस्था उभी केली आणि २००६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अशा एखाद्या माणसाने कलेला किती दिले हे आपण पुरस्कार देऊन मान्य करतो. नियमांत मात्र त्यासाठी दार ठेवलेले नाही.

काय करता येईल

सरकारांनी करण्याजोग्या गोष्टी अवघड नाहीत. कलावंताची वेगवेगळी कामे एकत्र धरून तास आणि उत्पन्न मोजणे, जसे फ्रान्स करतो. शिकताना मर्यादित प्रमाणात व्यावसायिक कार्यक्रमांना परवानगी देणे. होतकरू कलावंतासाठी वेगळा निकष ठेवणे, जसा ब्रिटनने ठेवला. आणि स्वयंरोजगाराला अनुभव म्हणून मान्यता देणे, जी कॅनडा देत नाही. भारताने रोजगार व्हिसाच्या सवलतीच्या यादीत परंपरागत कला शिकलेल्या परदेशी कलावंतांचा समावेश करावा. आचाऱ्याला जी सूट आहे, ती नर्तकाला का नसावी?

महाविद्यालयांवर जबाबदारी आहेच. पदवीच्या शेवटच्या सत्रात व्हिसाची एक कार्यशाळा घेऊन हात झटकणे पुरेसे नाही. पहिल्या वर्षापासून विद्यार्थ्याला बाहेरच्या मान्य निर्मितींत, नोंद राहील असे काम मिळवून देणे, परीक्षणे, पत्रके आणि छायाचित्रे जपायला शिकवणे आणि संघटनांशी ओळख करून देणे ही त्यांच्याच कामाची बाब आहे.

आता जे विद्यार्थी आणि पालक पुढच्या वर्षीच्या ऑडिशनची तयारी करत आहेत, त्यांनी प्रवेशपत्रावर सही करण्याआधी संस्थेला आणि त्या देशाच्या वकिलातीला चार गोष्टी लेखी विचाराव्यात. शिकताना पैसे घेऊन सादरीकरण करता येते का? पदवीनंतर स्वतंत्र कलावंत म्हणून काम करता येते का? ते काम पुढच्या व्हिसासाठी मोजले जाते का? आणि त्या पुढच्या व्हिसाचा खर्च किती? शाळेचे नाव कितीही मोठे असो, या चार प्रश्नांची उत्तरे नीट मिळाली नाहीत तर दुसरा देश पाहावा. आणि कुठेही गेलात तरी पहिल्या कार्यक्रमापासून प्रत्येक पत्रक, करार आणि कात्रण जपून ठेवा. अर्ज भरायची वेळ येईल तेव्हा तोच तुमचा पुरावा असेल.